आधी थोडी घसरण

"आमच्या शाळेत हल्ली कुणालाही घेतात, बाई."

हे वाक्य ओठ न हलवता उच्चारले गेले. बोलणाऱ्या बाईंच्या चेहऱ्यावर लेप वाळत होता, आणि तोंड हलवले तर त्याला तडे जातात, असे पार्लरवाल्या ताईंनी त्यांना बजावले होते. या बाई म्हणजे ताईंची नणंद. त्यांचा मुलगा टेकडीवरच्या खाजगी शाळेत होता, आणि ही बातमी त्या दर फुकटच्या फेशियलला आजच कळल्यासारखी सांगत.

"कुणालाही म्हणजे?" ताईंनी विचारले.

"हुशारीवर घेतात म्हणे. फी माफ. तुझ्या टाचणीचं बघ की. हुशारी सोडून आहे काय दुसरं तिच्याकडे?"

टाचणी ही ताईंची मुलगी. अंगाने बारीक आणि बोलायला टोकदार, म्हणून बापाने ठेवलेले नाव. गल्लीच्या टोकाच्या साध्या शाळेत ती जात होती, दरवर्षी पहिली येत होती, आणि याबद्दल आजवर कुणाचीच तक्रार नव्हती. त्या दुपारी ताईंना ती सुचली. नणंदेच्या गालावरचा लेप त्यांनी जरा जोरातच पुसला.

टेकडीवरच्या शाळेच्या कार्यालयात इतकी शांतता होती की आपण चपला घालून आलो याचीच लाज वाटावी. 'गुणवत्ता-प्रोत्साहन शुल्कमाफी योजने'च्या अधिकाऱ्यांनी टाचणीच्या गुणपत्रिका चाळल्या आणि डॉक्टर वाईट बातमी देण्याआधी करतात तसा चेहरा केला.

"मुलगी हुशार दिसते."

"हो ना!" ताई म्हणाल्या.

"अडचण तीच आहे. दरवेळी पहिली. हा आलेख बघा, रेघ टेबलासारखी सपाट. योजनेत गुण आहेत ते गुणवत्तेतल्या वाढीला. हिच्यात वाढ कुठाय?"

"अहो, पहिल्या नंबराच्या वर कुठे वाढणार?"

"हा विचार पालकांनी आधीच करायचा असतो."

टाचणीचे बाबा रंगाच्या दुकानात रंग कालवून देत. एकाच पांढऱ्याला सात नावे असतात हे ठाऊक असलेला तो माणूस सहसा चकित होत नसे. तरी त्यांनी विचारले, "म्हणजे ती आधी ढ असायला हवी होती?"

"आम्ही ढ म्हणत नाही. 'वाढीस वाव असलेली' म्हणतो. सहामाही अजून व्हायचीय ना? मग वेळ गेलेली नाही. सहामाही ते वार्षिक, एवढीच वाढ आम्ही धरतो."

ताई घरी आल्या आणि पार्लरच्या भिंतीकडे बघत उभ्या राहिल्या. तिथे जोडीजोडीने फोटो लावलेले होते: 'आधी' आणि 'नंतर'. या धंद्यातली खरी मेहनत 'आधी'च्या फोटोवर घ्यावी लागते. बाईला ट्यूबलाइटखाली बसवायचे, केस विस्कटायचे, हसू नका म्हणायचे. 'नंतर'चा फोटो खिडकीपाशी काढायचा. मधे काही केले नाही तरी फरक डोळ्यांत भरतो.

"आपण हिचा 'आधी'चा फोटोच काढला नाही कधी," त्या म्हणाल्या.

टाचणीला विश्वासात घेण्यात आले.

"चुकीचं लिहू? मुद्दाम?"

"मुद्दाम नाही गं. प्रगतीसाठी."

"किती चुकीचं?"

"बेताचं. नापास नको व्हायला, लोक विचारतात. नुसती उतरलेली दिसायला हवीस."

टाचणी आज्ञाधारक होती. सहामाहीत तिने प्रत्येक गणित आधी बरोबर सोडवले, पडताळून पाहिले, मग खोडून जवळपासचे चुकीचे उत्तर लिहिले. त्यात दुप्पट वेळ गेला. निबंध चुकीचा कसा लिहितात ते तिला कळेना, म्हणून तो तिने ऐन रंगात आलेला असताना सोडून दिला, आणि त्या रात्री जेवताना ती त्याचा उरलेला भाग बापाला सांगत बसली. गणिताच्या बाईंनी तिला मधल्या सुट्टीत बाजूला घेतले.

"घरी सगळं ठीक आहे ना, बाळा?"

"हो बाई. शिष्यवृत्तीची तयारी चाललीय."

ताईंनी ही युक्ती कुणालाही सांगितली नाही. फक्त एका बाईंच्या भुवया कोरताना विषय निघाला, आणि भुवई अर्धी झालेली असताना माणूस कसल्याही शपथा घेतो. परिणामी सहामाहीत अख्खा वर्ग गडगडला. मागच्या बाकावरची झोपाळू पहिली आली. तिच्या घरातले कुणी पार्लरला जात नसे.

ही सामाजिक गरज चौकातल्या क्लासवाल्या सरांनी तत्काळ ओळखली. जिन्यात पाटी लागली: 'शास्त्रशुद्ध पूर्वघसरण. नंतरच्या वाढीची हमी.' पुढच्या वर्षाच्या इच्छुकांसाठी आगाऊ नोंदणी सुरू झाली. काही मुलांना पडणे जमेना, त्यांच्यासाठी रविवारी जादा तास ठेवावे लागले. जी मुले मुळातच जमिनीवर होती, त्यांचे पालक मात्र काहीच फरक नाही म्हणून सरांशी भांडून गेले.

हे टेकडीवर कळले आणि शाळेने तातडीने पावले उचलली. परिपत्रक निघाले: घसरण कृत्रिम नसावी. अर्जासोबत 'नैसर्गिक घसरणीचा दाखला' जोडावा. तो वर्गशिक्षिकेने स्वतःच्या हाताने लिहिलेला असावा.

वर्गशिक्षिका म्हणजे त्याच गणिताच्या बाई. त्यांनी कागद पुढे ओढला, 'या विद्यार्थिनीस गणित' एवढे लिहिले आणि थांबल्या.

"तू सांग गं. लिहू?"

"लिहा बाई," टाचणी म्हणाली. "पहिल्यांदा जड जातं. मग होते सवय."

बाईंनी वाक्य पुरे केले, सही केली आणि कितीतरी वेळ चष्मा पुसत बसल्या.

वार्षिकला टाचणीला पुन्हा बरोबर लिहायची परवानगी मिळाली. तिने बरोबर उत्तर लिहिले आणि सवयीने खोडरबर उचलला. असे प्रत्येक गणिताला झाले. शेवटी तिने तो खोडरबर पर्यवेक्षिकेच्या टेबलावर नेऊन ठेवला आणि पेपर पुरा केला. पुन्हा पहिली आली. अधिकाऱ्यांनी आलेख उभा धरला, आडवा धरला. "काय चढण आहे!" म्हणाले. "ही खरी गुणवत्ता." ताईंचे डोळे भरून आले. मुलीची हुशारी त्यांना इतकी ठसठशीत कधी दिसलीच नव्हती.

मुलाखतीच्या दिवशी बाहेरच्या दालनात तीच सगळी ओळखीची मंडळी बसली होती. कुणी कुणाला ओळख दाखवली नाही. सगळ्यांनी सोफ्यांची, जमिनीच्या चकाकीची आणि एकमेकांच्या मुलांच्या चढणीची तारीफ केली. शाळेच्या पारदर्शक धोरणानुसार मुलाखतीच्या खोलीचे दार उघडे ठेवलेले होते.

टाचणी आईबाबांसह आत जाऊन बसली. समितीच्या अध्यक्ष बाई गोड हसल्या. "ही एवढी प्रगती तू कशी साधलीस, बेटा?"

"आधी पडले."

"वा!" समितीने 'विनम्रता' असे टिपून घेतले. "आणि आमच्या शाळेत येऊन तुला काय शिकायचंय?"

याचे उत्तर ताईंनी आठवडाभर घोटून घेतले होते: माझा सर्वांगीण विकास. खुर्चीच्या कडेवर बसून त्या ओठांनी 'मा... मा...' करत होत्या. टाचणीने आईकडे पाहिले, बापाकडे पाहिले. आईची नवी साडी पाहून घोटलेले उत्तर तिच्या ओठांवर आलेही, पण विचारलेल्या प्रश्नाला चुकीचे उत्तर द्यायचा तिला आता मनस्वी कंटाळा आला होता.

"शिकायचं असं काही नाही," ती म्हणाली. "आमच्या बाई छान शिकवतात. ही शाळा आईला चारचौघांत सांगायला हवीय."

"अगं कार्टे!" ताई पुटपुटल्या. बाबांनी छताचा रंग न्याहाळायला घेतला.

अध्यक्ष बाईंचे हसू जागच्या जागी वाळले. "बाहेर एवढे पालक महिनोन् महिने धडपडतायत, ते काय उगाच?"

"तेच तर," टाचणी म्हणाली. दाराबाहेरच्या सोफ्यांवरून माना वळल्या. "एवढे दिवस सगळे धडपडतायत, पण इथे शिकवतात काय, हे अजून एकानेही विचारलेलं नाही."