लिंबाजीरावांच्या ऑपरेशनची तयारी

लिंबाजीराव कुठल्याही खुर्चीत बसण्याआधी तिच्याशी बोलत. आधी दोन्ही तळवे बैठकीवर ठेवून दाबून बघायचे, मग जरा वाकून करकर ऐकायचे, आणि हळूच म्हणायचे, "बाई, पाच मिनटांचा सवाल हाय. संभाळ." एवढं झालं की पाठमोरे होऊन टप्प्याटप्प्यानं खाली येत. खुर्ची टिकली तर "हां, मंजूर केलं तिनं" म्हणून पुढच्या विषयाला हात घालत. नवख्या माणसाला वाटायचं, यांच्या डोक्यात काहीतरी बिघाड आहे. आमच्या शाळेच्या दोन खुर्च्या गमावल्यावर मला मात्र या बोलण्याचं महत्त्व पटलं होतं.

ही त्यांच्या भरल्या अंगाच्या काळातली गोष्ट आहे. परभणीत आमची घरं एकाच भिंतीच्या दोन बाजूंना होती. मी शाळेत मास्तर, ते पाटबंधारे खात्यात कारकून. आमच्या पिढीची शाळा निजामाच्या राजवटीत उर्दूत झालेली, त्यामुळे वस्तीच्या बोलण्यात कचेरीचे शब्द आपोआप मिसळायचे. "मामला साफ हाय" हे त्यांचं पालुपद. साहेबाची बदली असो, नळाला पाणी न येणं असो, कुणाच्या पोरीची सोयरीक मोडणं असो, सगळं ऐकून घेऊन ते एवढंच म्हणत. मामला कितीही गढूळ असला तरी त्यांनी म्हटल्यावर तो साफ झाल्यासारखा वाटे.

आपण जाड आहोत असं त्यांना कधी वाटलंच नाही. त्यांच्या मते जग अरुंद होतं. एसटीच्या दारात अडकले की म्हणत, "ह्यांनी दरवाजे बारीक करायलेत. सरकारचं ध्यान न्हाई." शिंपी त्यांचं माप घ्यायचा तेव्हा टेपचं एक टोक त्यांच्याच हातात देऊन स्वतः दुसरं टोक घेऊन फेरी मारून यायचा. तो परत येईपर्यंत लिंबाजीराव त्याच्या घरच्यांची ख्यालीखुशाली विचारून घेत. बहात्तरच्या दुष्काळात त्यांना कामावरच्या मजुरांची हजेरी घ्यायला पाठवलं होतं. उन्हात खडी फोडणारी एक बाई म्हणाली, "सायब, तुमी रोज येत जा. निदान सावली तरी पडती." हा किस्सा त्यांनी स्वतःच वस्तीत सांगितला, आणि तोही जरा ऐटीत.

ही ऐट त्यांना मिळाली होती गयामायकडून. गयामाय म्हणजे त्यांची आई. बायको फार लवकर गेली, मूलबाळ नाही, घरात मायलेक दोघंच. माय एवढीशी, काटकुळी. दोघं रस्त्यानं निघाली आणि ती मागं असली तर समोरून येणाऱ्याला एकटे लिंबाजीरावच दिसायचे. पाव्हणेरावळे आले की चहाच्या आधी ती लेकाला समोर बसवी आणि म्हणे, "दंड धरून बघा की. लाजता कामून?" पाव्हणे बिचारे दंड धरून बघत. लिंबाजीराव डोळे मिटून शांत बसत.

आणि या माणसानं एके दिवशी ठरवलं की ऑपरेशन करून वजन उतरवायचं.

झालं असं की जयंतीच्या बैठकीला आमच्या शाळेच्या माडीवर चढताना ते निम्म्या जिन्यात बसले ते बसलेच. घाम, छातीत धाप, तोंडातून शब्द नाही. परभणीच्या डॉक्टरनं तपासलं आणि औरंगाबादच्या मोठ्या सर्जनकडे पाठवलं. तो सर्जन परदेशात शिकून आलेला. त्यानं सांगितलं की आतड्याचा बराचसा भाग वळसा घालून टाळायचा आणि पुढं जोडून द्यायचं, म्हणजे खाल्लेलं सगळं अंगी लागत नाही. आपल्याकडे असं फारसं कुणी करत नाही, धोका आहे, विचार करून या. लिंबाजीरावांनी परतीच्या गाडीतच विचार केला आणि वस्तीत येऊन जाहीर केलं, "आतडं आखूड करून घ्यायलोय. मामला साफ हाय."

"भीती नाही वाटत?" मी विचारलं.

"भ्यायचं काय त्यात, मास्तर? कपडा ढगळ झाला की शिंपी आतून शिलाई मारतो. कपडा भितो का?"

कारण विचारलं तर म्हणाले, "सायकल चालवायची हाय. झरी गावापर्यंत जायचं अन् यायचं." त्याची तयारीही त्यांनी लगेच सुरू केली. रोज संध्याकाळी माझी सायकल मागायचे, तिच्यावर बसायचे नाहीत, नुसतं हँडल धरून तिला सोबत फिरवून आणायचे. वस्तीतली पोरं हसायची. ते म्हणायचे, "आधी वळख व्हावी लागती."

सर्जननं दोन अटी घातल्या होत्या. एक, ऑपरेशनच्या आधी निदान दहा-बारा किलो वजन उतरलं पाहिजे, नाहीतर भूल देणं जिवावर बेतेल. जेवणात एका वेळी अर्धी भाकरी, वाटीभर वरण, पालेभाजी, तेल-तूप बंद. दुसरं, घरच्या माणसाची संमती. घरचं माणूस एकच, आणि तिनं ऐकताक्षणी सांगून टाकलं होतं, "मी केलेलं लेकरू मी कापू देणार न्हाई."

वजन मोजायचा प्रश्न मोंढ्यात सुटला. दवाखान्यातला काटा त्यांना पाहून शेवटच्या आकड्यावर जाऊन थांबायचा, म्हणून दर बाजाराच्या दिवशी आडत दुकानातल्या पोत्यांच्या काट्यावर जायचं ठरलं. तुरीची पोती उतरवली जायची आणि लिंबाजीराव चढायचे. हमाल कामधंदा सोडून गोळा व्हायचे. एक म्हणायचा, "मालाला हवा लागलीय, सायब, थोडं उतरलंय." दुसरा म्हणायचा, "ओला माल हाय, सुकू द्या." गयामाय बाजूला उभी राहून आकडा ऐकायची. पहिल्या आठवड्यात वजन उतरलं आणि तिथंच मोंढ्यात तिनं डोळ्याला पदर लावला. पुढच्या आठवड्यात ते चढलं. त्याच्या पुढच्या आठवड्यात अजून चढलं. तिनं हमालांना गूळ वाटला.

"काटा चुकायलाय," लिंबाजीराव म्हणाले. "डाक्टरनं अर्धी भाकर सांगितली, मी अर्धीच खायलोय. एक दिवस खाडा न्हाई."

हे खरं होतं. ते कधीच लबाडी करणारे नव्हते. म्हणून मी एक दिवस जेवणाच्या वेळी मुद्दाम त्यांच्याकडे गेलो आणि दारातच थांबलो. गयामाय परातीएवढी भाकरी थापत होती. तव्यावर ती मावत नव्हती, म्हणून तिनं लग्नाकार्यातला मोठा तवा कुठून तरी मागून आणला होता. भाकरी भाजून झाली, तिनं ती बरोबर मधोमध मोडली, आणि एक अर्धुक लेकाच्या ताटात ठेवलं. ताटाची कड दिसेनाशी झाली. वाटीभर वरणाची वाटीसुद्धा तांब्याच्या भावंडातली होती. लिंबाजीराव मान खाली घालून, डॉक्टरचा हुकूम तंतोतंत पाळत, जेवत होते.

"लिंबाजीराव, ही अर्धी भाकरी?"

"मग पुरी हाय का?" ते म्हणाले. गयामायनं माझ्याकडे असं बघितलं की मी आल्या पावली परत फिरलो.

औरंगाबादला सर्जननं वजनाचा आकडा बघितला, आहार विचारला, आणि डोकं खाजवलं. शेवटी म्हणाला, "पुढच्या वेळी स्वयंपाक करणाऱ्या बाईंना घेऊन या."

त्या फेरीला मीही सोबत गेलो. सकाळची गाडी होती. गयामाय खिडकीशी बसली होती. पेडगाव आलं तशी ती सावरून बसली. त्यांचं मूळ गाव ते. गाडी हलली आणि ती बाहेर बघतच मला म्हणाली, "मास्तर, तुमी त्या दिवशी भाकरीला हासलात. लिंबाच्या आधी मला दोन लेकरं होती. ह्याच शिवारात हायेत. रोग न्हाई, राई न्हाई, नुसती वाळून गेली. शेंगा वाळत्यात तशी. ह्यो झाला तवा बाया म्हनायच्या, ह्योबी ऱ्हात न्हाई. तवा ठरिवलं, ह्याचं हाड दिसू द्यायचं न्हाई कुनाला." लिंबाजीराव समोरच्या बाकड्यावर डोळे मिटून बसले होते. त्यांना झोप लागली नव्हती हे मला दिसत होतं.

सर्जन भला माणूस होता. त्यानं तिला खुर्ची दिली, ती खाली बसली, म्हणून तोही जरा पुढं झुकून बसला. त्यानं छाती, रक्त, साखर असं बरंच समजावलं. ती सगळं ऐकत होती आणि काहीच तिच्यापर्यंत पोचत नव्हतं. मग तिनं विचारलं, "तुमी सांगता ते येवढंच ना, की आतला बैल तोच हाय अन् गाडीत पोती दुप्पट झालीत?"

"बरोबर तेच," सर्जन म्हणाला.

"मग बैल बसंल."

"बसेल, माय. जिन्यात एकदा बसलाच होता."

ज्या बाईनं जन्मभर लोकांच्या रानात काम केलं, तिला बसलेला बैल काय असतो ते सांगावं लागत नाही. ती उठली आणि म्हणाली, "भाकर केवढी करायची ते दावा."

सर्जननं स्वतःचा तळहात पसरून दाखवला. तिनं त्या तळहातावर आपला तळहात ठेवून माप घेतलं. संमतीचा अंगठा त्याच दिवशी लागला.

त्यानंतर मोंढ्यातला काटा सरळ वागू लागला. आठवड्यागणिक आकडा खाली येत गेला आणि हमालांचा उत्साह मावळत गेला. लिंबाजीराव पहाटे स्टेशनपर्यंत चालून यायचे, सुपारी सोडली, डॉक्टरनं सांगितल्याप्रमाणे रोज फुगे फुगवायचे. फुगवलेले फुगे वस्तीतल्या पोरांना मिळायचे, त्यामुळे पोरं या ऑपरेशनच्या बाजूची झाली. कचेरीत त्यांनी रजेचा अर्ज दिला तेव्हा साहेबानं कारण विचारलं. "दुरुस्ती," ते म्हणाले.

हिवाळ्यात दिवस ठरला. मला म्हणाले, "मास्तर, आठ दिवस काढा. तुमचं काम हाय." मला वाटलं रक्त द्यायचं असेल, धावपळ असेल. मी रजा टाकली. आम्ही तिघं औरंगाबादला गेलो. लिंबाजीराव वॉर्डात, मी आणि गयामाय मागच्या पटांगणात, लिंबाखाली, जिथं रोग्यांची माणसं तीन दगडांच्या चुली मांडून राहतात तिथं.

ऑपरेशनच्या सकाळी त्यांनी मला बोलावून घेतलं. दवाखान्याचा झगा पुरत नव्हता म्हणून नर्सनं दोन झगे पुढून-मागून बांधले होते. ते नेहमीसारखेच निवांत होते. मला कॉटवर बसवलं.

"तुमचं काम सांगतो," ते म्हणाले. "मला काल दुपारपासून उपाशी ठेवलंय. मायबी काल दुपारपासून जेवली न्हाई. विचारा तिला, ती हो जेवले म्हनंल. खोटं हाय. माझं जेवण झाल्याबिगर तिनं आजवर घास घेतला न्हाई. मी लहान असताना न्हाई, अन् आता न्हाई. दौऱ्यावर गेलो तर ती वाट बघत बसती. आता हा डाक्टर म्हनतो, पुढचे चार-पाच दिवस माझ्या तोंडात काही द्यायचं न्हाई. तवर तिनं काय करायचं?"

त्यांनी झग्याची गाठ सारखी केली.

"तुमी जेवायचं. तिच्या हातचं, तिच्यासमोर बसून, पोटभर. तिला वाढू द्यायचं. अन् तिनं खाल्लेलं बघितल्याबिगर उठायचं न्हाई. दोन्ही टाईम."

"जेवतो," मी म्हटलं. "त्यात काय."

"अन् आतमधी काही कमीजास्त झालं, तर परभणीत आमच्या घरी रोज जेवायला या. ती हाय तवर." ते दाराकडे बघत होते. "ह्याच्यासाठीच कापून घ्यायलोय, मास्तर. डाक्टरनं पयल्याच दिवशी सांगितलं होतं, असेच ऱ्हायलात तर आईच्या आधी जाल. मी आधी गेलो तर ती जेवणार कवा?"

एवढ्यात वॉर्डबॉय गाडी घेऊन आला. त्यांना चढवायला चौघं लागले. लिंबाजीरावांनी त्यांना धीर दिला.

मी पटांगणात आलो तेव्हा गयामाय गुडघे पोटाशी घेऊन बसली होती. चूल थंड होती. भाकरीच्या पिठाचं गाठोडं तसंच बांधलेलं. मलाही भुकेचं नाव नव्हतं.

"माय, मला लय भूक लागलीय," मी म्हटलं.

तिनं मान वर केली. काड्या मोडून चूल पेटवली. एक भाकरी झाली, तिच्यावर मिरचीचा ठेचा ठेवून तिनं ताट माझ्यापुढं सरकवलं. मी जेवू लागलो. एकेक घास पाण्याबरोबर उतरवत होतो. ती दवाखान्याच्या दाराकडे पाठ करून बसली होती आणि माझ्या ताटाकडे बघत होती. दुसरी भाकरी तिनं न विचारता वाढली. ती मी निम्मी खाल्ली आणि हात आखडता घेतला.

"झालं?"

"झालं."

मी उठलो नाही. तिनं माझं ताट आपल्याकडे ओढलं, उरलेल्या अर्ध्या भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच हातात धरला.

"त्येला खायला कवा देनार म्हनले?"

"चार-पाच दिवसांनी."

"तवर तू हायस ना जेवायला?"

"आहे," मी म्हणालो. तेव्हा तिनं तो तुकडा तोंडात घातला.