दिघे सर आणि चुकांची वही

आमच्या कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवणारे दिघे सर चुकीला चूक म्हणत नाहीत. ती पहिल्यांदा ज्या पोराने केली, त्याचं नाव घेतात.

एकदा सियागंजच्या बाजारात मी पोत्यातला वरचा मूठभर तांदूळ बघून पसंत केला. सर सोबत होते. "भिया, तुमचा चौकसे झाला," म्हणाले. चौकसे हा त्यांचा जुना विद्यार्थी. त्याने शंभर रीडिंगांपैकी पहिली पाच घेऊन सरासरी काढली होती. सरांनी दुकानदाराला पोतं तळापर्यंत उपसायला लावलं. तेव्हापासून तो आम्हाला दुरूनच नमस्कार करतो. मध्यक काढताना आकडे चढत्या क्रमाने न लावताच मधला उचलला, की तो पाटीदार. अशा चुकांनी भरलेली एक जाडजूड वही सरांकडे होती.

मागच्या वर्षी कॉलेजात स्टॅटिस्टिक्स शिकवणारं सॉफ्टवेअर आलं. पोरगं कुठे चुकतंय हे ओळखून ते एकेक इशारा देतं. त्याला चुका शिकवायला कंपनीने सरांची वही मागितली.

"सर, नावं काढावी लागतील," कंपनीची मुलगी म्हणाली.

"काढा जी. पण चुका संभाळून ठेवा. पोरांनी बडी मेहनत से केल्यात."

सॉफ्टवेअर भलतंच तयार निघालं. सरांचे वर्ग बंद झाले, पोरं लॅबमध्ये बसू लागली. सगळे इशारे संपूनही उत्तर आलं नाही, तर 'सरांना बोलवा' असं एक बटण होतं. ते दाबलं की सरांचा फोन वाजणार. सर शेजारच्या खोलीत फोन समोर ठेवून बसायचे. जेवायलाही घरी जात नसत. घरी तरी कोण होतं म्हणा. सेमिस्टर संपत आलं, फोन एकदाही वाजला नाही.

"हुशार आहे हो तुमचं सॉफ्टवेअर," मी म्हणालो.

"मैंने ही तो पढाया है," सर हसले. मग फोन माझ्यापुढे करून म्हणाले, "जरा बघता का, घंटी बंद तर नाही ना पडली?"

घंटी चालू होती. मला फार वाईट वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी रिकाम्या लॅबमध्ये जाऊन बसलो. मी ड्रॉइंगचा मास्तर, चुकायला कष्ट पडले नाहीत. पण सॉफ्टवेअर इतकं चिवट, की तीनदा मला बरोबर उत्तरापर्यंत ओढत नेलं. चौथ्यांदा कुठे ते बटण दिसलं.

सर अनवाणीच धावत आले. मला बघून थबकले. काय ते त्यांना कळलं असणार. खुर्ची ओढली, खिशातलं पेन काढलं आणि अगदी सरासरीपासून सुरुवात केली. पाऊण तास शिकवत होते.

"समझे?" त्यांनी विचारलं.

मला सगळं समजलं होतं.

"नाही सर," मी म्हणालो, "परत एकदा सांगा."

सरांनी नवा कागद घेतला.