सगळ्यांचा नंबर पहिला

"उद्यापासून या दवाखान्यात नंबरावरून भांडण झालं, तर मला काउंटरवरून उठवा!" नंबर देणाऱ्या ताईंनी दातांच्या मोठ्या डॉक्टरांना ठणकावून सांगितलं.

"ठरलं. दोनाच्या वर तक्रारी आल्या, तर तिथे माझी मेहुणी बसेल."

तेव्हा दवाखान्यात कॉम्प्युटर नुकताच आला होता. नव्या सुनेसारखा तोही फुलाफुलांच्या कापडाखाली झाकलेला असे. डॉक्टर तीन, आणि प्रत्येकाच्या पेशंटचे नंबर एकपासून. ताईंनी तक्त्यात फॉर्म्युला घातला: वरच्या ओळीत तोच डॉक्टर असेल तर नंबर एकाने वाढव, डॉक्टर बदलला की पुन्हा एक. जुनी वही त्यात उतरवून पाहिली. एक, दोन, तीन... बारानंतर दुसरे डॉक्टर, पुन्हा एक! ताई इतक्या खूश, की तक्रारींच्या तक्त्यालाही त्यांनी तोच फॉर्म्युला लावून टाकला.

सकाळी चिठ्ठ्या वाटल्या. मोठ्या डॉक्टरांनी दार उघडलं. "एक नंबर कोण?"

जवळजवळ अख्खी खोली उभी राहिली!

"माझा एक!"

"माझाही एकच!"

"अहो, मी गाल धरून आलेय, मागे व्हा!"

"बाई, गाल सगळ्यांनाच आहेत!"

एका निवृत्त मास्तरांनी चिठ्ठी छातीशी धरली. "शाळेत एकदाही पहिला आलो नाही. आज आलोय, आता हलणार नाही!"

ताईंनी घाईने तक्ता उघडला. झाडणाऱ्या मावशींनी झाडू टेकवून स्क्रीनवर डोकावलं.

"ताई, वहीत ज्याचं त्याचं पान होतं. इथे तुम्ही फोन आले तसे लिहिलेत. एक मोठ्या डॉक्टरांचा, एक डॉक्टरीणबाईंचा, पुन्हा मोठ्यांचा. दर ओळीला डॉक्टर बदलतोय, मग नंबर वाढणार कधी? आधी ढीग लावा, मग मोजा!"

ताईंनी यादी डॉक्टरवार लावली. नंबर शहाण्यासारखे ओळीत उभे राहिले. नव्या चिठ्ठीत मास्तरांचा नववा आला, पण ते जुनीच दाखवून ऐटीत आत गेले.

तोवर तक्रारी मात्र झाल्या होत्या, आणि कोण कुठल्या डॉक्टरचा पेशंट यासकट ताईंनी त्या आल्या तशा इमानदारीने टिपल्या होत्या. सतरा!

संध्याकाळी ताई पर्स आवरून बसल्या. डॉक्टर आले, चष्मा कपाळावर चढवून त्यांनी शेवटच्या ओळीचा आकडा तेवढा पाहिला.

"एकच तक्रार? कमाल आहे!"

ताईंनी फुलाफुलांचं कापड तेवढं घाईने ओढलं.

पुढे बावीस वर्षं त्या काउंटरवर होत्या. पेशंटची यादी रोज न चुकता डॉक्टरवार लावत. तक्रारींची कधीच नाही.