परसातलं अर्धं घर

सासूबाईंसाठी परसात घर बांधायची कल्पना माझी. (आमच्याकडे महागातल्या सगळ्या कल्पना माझ्याच निघतात. बायकोच्या फक्त सूचना असतात.) सासूबाई एउलालिया ऐंशीच्या झाल्या आणि तिसऱ्या मजल्यावरच्या भाड्याच्या खोलीपर्यंत चढताना त्यांना धाप लागायला लागली. मेव्हणा फिनिक्सहून "इकडे ये" म्हणून रोज फोन करत होता. त्या गेल्या असत्या तर माझ्या विनोदांना हसणारं अख्ख्या लॉस एंजेलिसमध्ये कुणी उरलं नसतं. खरं सांगतो, माझा जीव कासावीस झाला.

"लिंबाच्या झाडामागे चार भिंती आणि वर छप्पर," मी बायकोला, योलांडाला म्हणालो. "त्यात काय एवढं?"

"फर्मिन, मागच्या वर्षी तू कोंबड्यांचं खुराडं बांधलंस."

"मग?"

"कोंबड्या शेजाऱ्याकडे राहतात."

नगरपालिकेत गेलो. हद्दीपासून चार फूट सोडा, दार वेगळं, स्वयंपाकघर वेगळं, न्हाणीघर वेगळं. साडेसातशे चौरस फुटांच्या आत राहिलात तर एक मोठी फी माफ! मी उड्या मारत घरी आलो. मग कळलं, सांडपाण्याचा जुना पाइप दोन घरांचा भार सोसणार नाही. तो बदलला. मग विजेचा मुख्य बोर्ड कुरकुरला. तोही बदलला. पाया खणायच्या आतच माझा लाडका ट्रक विकला गेला होता. (बसने फिरलं की माणसाला विचार करायला वेळ मिळतो. मी बहुतेक ट्रकचाच करतो.)

अखेर घर उभं राहिलं, तपासनीस मान डोलावून गेला आणि पत्ता मिळाला: १४१८ ½. आमच्या भागात मागच्या घराला पुढच्याचाच नंबर आणि वर अर्धा, अशीच पद्धत आहे. पितळी आकडे मी स्वतः ठोकले. सरळ!

सासूबाई आल्या. एका हातात संत यूदाची मूर्ती, दुसऱ्या हातात मक्याच्या पानांत वाफवलेल्या तमालेंचं पातेलं. दाराशी थबकल्या, चष्मा लावला.

"हे काय?"

"पत्ता, सासूबाई."

"चार पोरं वाढवली, नवऱ्याला माती दिली, जन्मभर बेकरीत पाव भाजले. आणि आता अर्ध्यात राहू?"

"अहो, नुसता आकडा आहे तो!"

"मग तुम्हीच राहा, जावईबापू. टॅक्सी बोलवा. मी चालले फिनिक्सला."

नगरपालिकेला फोन लावला. "बाई, तो अर्धा काढता येईल का?"

"अर्धा काढला तर पुढच्याच घराचा नंबर राहतो. तिथे तुम्ही राहता ना?"

"आणि आम्ही तिथे नाही राहिलो तर?"

"कोणत्या घरात कोणी झोपायचं, ते तुमचं तुम्ही बघा!"

संध्याकाळपर्यंत सासूबाई पुढच्या घरात, आमच्याच खोलीत. "नव्या जागी आई एकटी कशी झोपेल?" म्हणत योलांडाही तिथेच राहिली. मी उशी घेऊन लिंबामागे गेलो.

दुसऱ्या दिवशी नवी पोस्टमन बाई फाटकाशी आली. "अर्ध्यात कोण राहतं?"

"आमचे हे," ओसरीवरून योलांडा म्हणाली.

सासूबाई पोट धरधरून हसल्या. माझ्या कुठल्याही विनोदाला त्या इतक्या हसल्या नव्हत्या. डोळे पुसत म्हणाल्या, "नगरपालिकेला जावईबापूंचं मोजमाप करायला वर्ष लागलं. मी तर लग्नाच्या दिवशीच पोरीला सांगितलं होतं."