गुडघ्याचा प्रामाणिक रिव्ह्यू

फुकट आलेली वस्तू घ्यावी, पण तिच्याविषयी फार बोलू नये. मी बोललो, आणि तेही कॅमेऱ्यासमोर.

दिवसा मी वीजबिलाच्या खिडकीवर बसतो आणि फावल्या वेळात घरगुती वस्तूंच्या रिव्ह्यूचे व्हिडिओ टाकतो. (बघणारे थोडे. त्यांत सासूबाई एक.) एका कंपनीने गुडघे चोळायचं यंत्र पाठवलं. अट एवढीच, की फुकट मिळालं हे बोलायचं नाही. माझे गुडघे ठणठणीत. तरी ‘आई गं’ करत खाली बसलो, यंत्र गुडघ्याला बांधलं आणि टुणकन उठून म्हणालो, “स्वतःच्या खिशातून घेतलंय मंडळी, पै न् पै वसूल!”

रविवारी सासूबाईंचा फोन आला.

“जावईबापू, हे सुटतं कसं?”

“काय?”

“यंत्र. तुम्ही घेतलंत म्हणून मीही घेतलं. सकाळपासून गुडघा सोडत नाहीये.”

मागून घर्रर्र आवाज येत होता. मी आणि बायको त्यांच्या घरी धावत गेलो. सासूबाई खुर्चीला धरून बसल्या होत्या आणि यंत्र त्यांच्या गुडघ्याला.

“तुम्ही कसं सोडवलंत?” त्यांनी विचारलं.

“आपलं... सहज.”

मी दिसेल ते बटण दाबलं. आता खुर्चीही थरथरायला लागली.

“एक मिनिट,” बायकोने कान टवकारले. “हे घर्रर्र करतंय. तुमच्या व्हिडिओत तर घूंऽऽ येत होतं.”

“मॉडेल वेगळं असेल.”

“घूंऽऽ आपला मिक्सर करतो.”

(खरं होतं. यंत्र चालू कसं करतात हे शोधायचा कंटाळा आला, म्हणून स्वयंपाकघरात मिक्सर लावून ठेवला होता.)

बायकोने यंत्राची बॅटरी उपसून काढली. सासूबाईंचा गुडघा लालबुंद झाला होता.

“म्हणजे तुम्ही वापरलंच नाहीत?” त्यांनी विचारलं.

“नाही.”

“विकत तरी घेतलंत?”

“फुकट आलं.”

“मग तसं सांगायचं होतं! मी कंपनीच्या भरवशावर नाही घेतलं, तुमच्या भरवशावर घेतलं.”

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिथल्या तिथे मोबाइल उभा करून मी सगळं कबूल केलं, अगदी मिक्सरसकट. सासूबाई लंगडत माझ्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. मला वाटलं, माफ केलं.

“आता खरं बोलायचंच ठरलंय, तर माझंही ऐका,” त्या कॅमेऱ्याला म्हणाल्या. “‘आमचे जावई लाखात एक’ असं मी आजवर साऱ्या नात्यागोत्यात सांगत आले. त्याबद्दल लेक दर महिन्याला माझा मोबाइल रिचार्ज करून देते.”

माझा आजवरचा सगळ्यात जास्त पाहिला गेलेला व्हिडिओ तो हाच. त्याखाली पहिली कमेंट बायकोची आहे: ‘प्रामाणिक रिव्ह्यू. आई, या महिन्यापासून रिचार्ज बंद.’