मिस्पा म्हणजे काय?

सरकारी भाषा कितीही आडवळणाची असू द्या, आपण तिच्या पोटातलं ओळखतो, असा धनजच्या जानरावांचा दावा होता. शेजारच्या वानखडे मास्तरांनी दोन वावरांमधल्या धुऱ्यावर दगडांचा ढीग रचून त्यावर ‘मिस्पा’ अशी पाटी रोवली, तेव्हा मेथीच्या जुड्या बांधता बांधताच त्यांनी अर्थ काढला.

“मि म्हणजे मिळकत! स म्हणजे सीमा! पा म्हणजे पाहणी! मोजणीवाले येऊन राह्यले!”

हातातली जुडी टाकून जानराव धुऱ्याकडे पाहू लागले. दरवर्षी नांगरताना ते हा धुरा हळूच कोरत आले होते. मास्तरांची तीन तासं, म्हणजे नांगराच्या तीन ओळी, त्यांच्या मेथीखाली गेली होती. आणि गावच्या तंटामुक्ती समितीचे अध्यक्ष कोण? जानरावच!

“अवो, सरळ मास्तरले इचारा ना,” त्यांच्या बायको प्रयागबाई म्हणाल्या.

“इचारलं तं म्हनन, तुमाले काहून धास्ती?”

दुसऱ्या दिवशी मास्तर टेप घेऊन ढिगाभोवती फिरले. वहीत काहीतरी लिहिलं. वर जानरावांकडे पाहून गोड हसलेसुद्धा! हा माणूस पुरावे गोळा करतोय, याबद्दल जानरावांना शंकाच उरली नाही.

रविवारी मास्तर चर्चमध्ये प्रार्थनेला गेले आणि जानरावांनी बैल जुंपले. धुरा परत जागेवर सारायचा होता. पण भीतीनं हात असा सुटला की तीनच्या जागी पाच तासं मास्तरांकडे गेली! बाजारासाठी राखलेली मेथी मुळासकट उलथली.

“तीन खाल्ले, पाच ओकले!” प्रयागबाईंनी कपाळाला हात लावला.

जानराव पाटी उपटून नव्या धुऱ्यावर नेत होते, तेवढ्यात मास्तर आले.

“जानराव! मिस्पा घेऊन कुठं निघालात?”

“मास्तर, थे पाहणी कवा हाय?”

“कसली पाहणी? हे बायबलातल्या गावाचं नाव. इब्री भाषेत मिस्पा म्हणजे टेहळणीची जागा. पीक खाणाऱ्या रोह्यांवर नजर ठेवायले मचाण बांधतो इथं, त्याचंच माप घेत होतो.”

“मंग दगडं कायले?”

मास्तरांनी घसा खाकरला. “नावाची गोष्टच तशी हाय. याकोब जावई, लाबान सासरा. एकाचा दुसऱ्यावर काडीचा भरोसा नाही. शेवटी त्यांनी दगडांचा ढीग रचला. आपण नजरेआड असलो की देवानं मधात पहारा ठेवावा, अन् वाईट मनानं कोणी हा ढीग ओलांडू नये, असं ठरलं.”

“लबाड कोन व्हता? जावई का सासरा?”

“दोघंही!” मास्तरांचा आवाज एकदम खाली आला. “खरं सांगू? तिकडं नाल्याच्या अंगानं मी तुमची दोन तासं दाबली. मनाले टोचत होतं, म्हणून हे नाव सुचलं. अन् तुम्ही पाहा! स्वतःहून पाच तासं देऊन राह्यले! मले माफ करा, जानराव.”

जानरावांचं तोंड उघडलं. आपलीही तीन तासं सांगून मोकळं व्हायची याहून चांगली वेळ मिळणार नव्हती. तोंड मिटलं. पुन्हा उघडलं.

“माफ केलं, मास्तर!” ते मोठ्या मनानं म्हणाले, आणि प्रयागबाईंकडे चुकूनही न बघता पाटी ठोकू लागले.