लॅपटॉपला जाळी असते

दिग्विजयनं ठरवलं, लॅपटॉप आत्ता घ्यायचा नाही. पुढच्या महिन्यात नवीन मॉडेल येतंय, तेव्हा घ्यायचा. हे ठरवायला त्याला अर्धा कप चहा पुरला. त्या अर्ध्या कपानं पुढं काय घोळ घातला, तेवढंच आता सांगायचंय.

नवीन मॉडेल येतंय हे त्याला मोबाइलमधला एक माणूस सांगायचा. तो माणूस टी-शर्ट बदलून बदलून एकच गोष्ट सांगे : आत्ता घेऊ नका, थांबा. दिग्विजयनं इंजिनिअरिंग दुसऱ्या वर्षाला सोडलं होतं (म्हणजे त्याच्या मते त्यानं कॉलेज सोडलं, कॉलेजच्या मते कॉलेजनं त्याला). तेव्हापासून त्याचा मास्तरांवर विश्वास नव्हता, बापावर नव्हता, देवावर तर नव्हताच. पण टी-शर्टवाल्यावर होता. त्याचं ऐकून तो दोन वर्षं थांबलेला. नवीन मॉडेल यायचं, आणि नवरीच्या मागं करवली यावी तशी त्याच्याहून नवीन येणार असल्याची बातमी मागोमाग यायचीच.

तोवर जुन्यावर भागवणं चालू होतं. जुन्याची बिजागरी तुटली होती, म्हणून स्क्रीन तांदळाच्या डब्याला टेकवून ठेवावा लागे. आईनं भातासाठी डबा उचलला की स्क्रीन मागच्या मागं आडवा. त्याचा पंखा सुरू झाला की जुळे सोलापुरातल्या त्या अपार्टमेंटमध्ये खालच्या मजल्यावरच्यांना वाटायचं, वर मिक्सर लागलाय.

पण आता खरी निकड होती. सात रस्त्याजवळच्या स्टुडिओवाल्या शिवानंदनं त्याला बोलावून सांगितलं होतं, "अधिक महिना चालूय, लग्नं बंद हायत. महिना संपला की बघ, श्वास घ्यायला फुरसत मिळायची न्हाय. चांगली मशीन घिऊन ये. एडिटिंग सगळं तुझं."

दिग्विजयला आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी पास केलं होतं.

त्याचे वडील शरच्चंद्र हेडक्लार्क म्हणून रिटायर झालेले. नोकरी होती तोवर त्यांनी लोकांना ताटकळत ठेवलं आणि रिटायर झाल्यापासून ते घरातल्यांना अक्कल शिकवत होते. तरी स्टुडिओचं ऐकून त्यांनी पैसे काढून आणले आणि चप्पल घालून दारात उभे राहिले.

"चल, चनबसप्पाच्या दुकानात. आजच घेऊन टाकू."

"आण्णा, आत्ता नको. अपडेट येतंय."

"कुणाचं?"

"मॉडेलचं. थोडं थांबलं की चांगलं मिळतं."

शरच्चंद्रांनी चप्पल काढली. उभी नोकरी त्यांनी टेबलावरची फाइल पुढं न सरकवण्यात घालवली होती, ती याच तत्त्वावर. पोरगा पहिल्यांदाच त्यांना आपला वाटला.

खरा घोळ इथून पुढं आहे. अधिक महिना म्हणजे धोंड्याचा महिना. लेक-जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे आणि जावयाला विष्णू समजून वाण द्यायचं. दिग्विजयची बहीण ऋतुजा नातेपुत्याला दिलेली. तिचा नवरा उदयसिंह, म्हणजे दाजी, खताचं दुकान चालवायचा. विष्णूपैकी त्याच्यात फक्त झोप होती.

"अनारसे करते, तांब्याच्या ताटात घालून देऊ," आई म्हणाली. आईचं नाव प्रेमला.

"अनारसे?" शरच्चंद्रांनी पेपर खाली ठेवला. "माढ्याच्या साडूनं जावयाला टीव्ही दिलाय. भिंतभर. फोटो पाठवलाय मला मुद्दाम."

या साडूवर शरच्चंद्र लग्नाच्या दिवसापासून जळत होते. लग्नात साडूच्या फेट्याला तुरा होता, यांच्या नव्हता. एवढंच कारण. बाकी सगळी जळजळ त्यावर व्याजानं चढलेली.

"मग काय द्यायचं म्हनता?"

"लॅपटॉपचे पैसे पडूनच आहेत की. ह्याला आत्ता नकोय."

"अहो, वाण जाळीदार लागतं. अनारसा बघा, बत्तासा बघा, सगळी भोकं भोकं. लॅपटॉपला कुटली आलीय जाळी?"

शरच्चंद्रांनी चष्मा पुसला. सरकारी माणसाला नियम सापडत नाही असं होत नाही.

"नेट असतंय त्याच्यात. नेट म्हणजे काय?"

"काय?"

"जाळी."

आईला एकदम पटलं नाही. ती स्वयंपाकघराच्या दारातून ओरडली, "दिगू, नेट म्हंजे जाळी व्हय रं?"

दिग्विजयच्या कानात टी-शर्टवाला बोलत होता. त्यानं कानातली एक वायर काढली, "हां, जाळंच," म्हणाला आणि वायर परत कानात घातली.

स्वतःच्या फाशीच्या कागदावर इतक्या निवांतपणे सही दुसऱ्या कुणी केली नसेल.

धोंड्याच्या दिवशी दाजी पाटावर बसला. दिग्विजयकडं उदबत्ती लावायचं काम होतं (विष्णूच्या मेहुण्याला काही मिळाल्याचं कुठल्याच पोथीत नाही). आई ताट घेऊन आली. ताटात दिवा, भोवती अनारसे आणि मधोमध एक नवाकोरा, चंदेरी, बोटाएवढा जाड लॅपटॉप. झाकणावर हळदीकुंकू.

दिग्विजयच्या हातातली उदबत्ती त्याच्याच बोटाला लागली. ते त्याला कळलंसुद्धा नाही. पोटात आधीच धोंडा पडला होता, आणि तो पुरणाचा नव्हता.

"मामा, ह्ये कशाला?" दाजी म्हणाला. "मला ह्यातलं काय कळतंय? आमच्या दुकानात युरियाची धूळ खात पडंल."

"राहू द्या, उदयसिंहराव. फोटो काढू. लॅपटॉप थोडा वर धरा. अजून वर. माढ्याला पाठवायचाय."

जेवताना दिग्विजयनं धोंड्याला हात लावला नाही. त्याचं सगळं लक्ष कॉटवर ठेवलेल्या त्या चंदेरी वस्तूकडं होतं. युरिया विकणाऱ्याला हे. ज्याला मोबाइलवर मेसेज आला की बायकोला हाक मारावी लागते, त्याला हे. आणि आपण, ज्याला प्रोसेसरची कुळी तोंडपाठ, तो तांदळाच्या डब्याचा आश्रित. त्याला दाजीचा राग आला, बापाचा आला, आईचा आला, आणि विष्णूचाही, त्याचा काही संबंध नसताना.

दुपारी उन्हानं गच्ची तापली. घरातले सगळे पंख्याखाली आडवे झाले. दाजी तेवढा उठला, लॅपटॉप त्याच्या खोक्यात घातला आणि खोका काखेत मारून दिग्विजयच्या खोलीत आला. डब्याला टेकलेल्या स्क्रीनकडं त्यानं जरा वेळ बघितलं.

"दिगू, एक इचारू का? खरं खरं सांगायचं. ही मशीन चांगली हाय का?"

दिग्विजयच्या डोक्यात भलतीच युक्ती चमकली. ह्याच्या मनातून हा लॅपटॉप उतरवायचा. उतरला की हा तो हितंच टाकून जाणार.

"तोंडावर सांगू, दाजी? भंगार आहे."

"आं?"

"पुढच्या महिन्यात नवीन येतंय. ते आलं की ह्याला कुत्रं विचारणार नाही. वर तापतो. आपल्या सोलापूरच्या उन्हात तर चपात्या भाजतील ह्याच्यावर."

"तू वापरला असतास का पर?"

"मी? हात लावला नसता."

"आन समज, कुनी फुकट दिला तर?"

"फुकट दिला तरी नको."

दाजीनं खोक्याला लागलेलं कुंकू बोटानं पुसलं. "बरं झालं इचारलं," एवढंच म्हणाला. दिग्विजय भिंतीकडं तोंड करून गालात हसला. उरलेली दुपार त्यानं डब्याशेजारी जागा मोकळी करण्यात घालवली.

संध्याकाळी दाजी-ताई निघाले. खोकाही त्यांच्याबरोबर निघाला. दिग्विजय जिन्यातून खाली धावत गेला, तोवर जीप वळली होती. असेल, त्यानं मनाशी म्हटलं, घरी नेऊन ठेवेल, आठ दिवसांत कंटाळेल, मग पाठवून देईल. थांबायची त्याला सवय होतीच.

दुसऱ्या दिवशी ताईचा व्हिडिओ कॉल आला. ताईचे केस भुरुभुरु उडत होते. तिच्या मागं माणसाएवढा कूलर घोंघावत होता.

"आई, वाण बदलून आणलंय गं. काल जातानाच ह्यांनी चनबसप्पाच्या दुकानात लॅपटॉप परत दिला आन हा घेतला."

"वाण बदलत्यात व्हय?" आई धास्तावली.

"तिन्ही बाजूंनी जाळी आहे, आई. बघ तरी."

आईनं बघितलं. खरोखरची जाळी होती, बोटं घालून भोकं मोजता आली असती. तिनं तिथूनच हात जोडले. शरच्चंद्रांनी कूलर टीव्हीपेक्षा उंच आहे ना एवढं विचारून घेतलं.

"पण बदलला कशाला?" दिग्विजय मोबाइलमध्ये घुसत म्हणाला.

"तूच म्हणालास ना भंगार. अरे येड्या, ते तुलाच देणार होते. मीच सांगितलं होतं त्यांना, माझा भाऊ डब्याला टेकवून काम करतो, हा त्याला ठेवून जाऊ. तर म्हणाले, तो फुकट दिला तरी नको म्हणतोय. मेव्हण्याला भंगार देऊन तोंड कसं दाखवायचं?"

कूलरचा आवाज मोठा होता. त्यामुळं दिग्विजय काय बोलला ते नातेपुत्यात कुणाला ऐकू गेलं नाही. सोलापुरात ऐकू गेलं, पण ते छापण्यासारखं नाही.

तो थेट दुकानात पळाला. चनबसप्पा पंख्याचं खोकं उघडत होता.

"परत आलेला पीस? गेला की री. आत्ता सकाळी शिवानंदनं नेला. पायल म्हणून कोण पोरगी ठेवलीय म्हणं एडिटिंगला. तुमची वाट बघून कंटाळलो म्हणाला."

दिग्विजय काउंटरला टेकला. डब्याला स्क्रीन टेकतो तसा.

"मग नवीन कधी येणार?"

"पुढच्या महिन्यात. पण त्याच्या मागून आणिक एक येतंय म्हणं. थांबता का?"

तो घरी आला तेव्हा आईनं त्याच्यापुढं उरलेले धोंडे ठेवले. "जळू नगं असा. पुढचा अधिक तीन वर्सांनी हाय. तवर लगीन कर, जावई हो. तुझा सासरा देईल लॅपटॉप."

आई गमतीनं म्हणाली, पण शरच्चंद्रांनी ते मनावर घेतलं. पोराला फुकटात लॅपटॉप आणि आपल्याला साडूपुढं मिरवायला सून, असा दुहेरी हिशेब त्यांना दिसला. त्यांनी माढ्याकडच्या एका ओळखीच्या स्थळाला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू जावं म्हणून स्पीकर चालू केला. घराणं झालं, फ्लॅट झाला, कूलर दिल्याचंही सांगून झालं.

"समदं ठीक," पलीकडचा माणूस म्हणाला. "पोरगा काय करतो?"

शरच्चंद्रांनी पोराकडं बघितलं. पोरगा तांदळाच्या डब्यासमोर बसला होता. आईनं नुकताच डबा उचलला होता आणि स्क्रीन आडवा पडला होता.

"सध्या," ते घसा खाकरून म्हणाले, "अपडेट व्हायलाय."

पलीकडच्यानं ते आतल्या कुणालातरी मोठ्यानं सांगितलं.

"मग आमीबी थांबतो की," तो माणूस म्हणाला. "तवर ह्याच्याहून नवीन एखादं येतंय का बघतो."